तोरणाखालचं

आमच्या शाळेचे हेडमास्तर गुणवंतराव दर शनिवारी प्रार्थना संपली की मुलांना जागेवरच बसवून एक इंग्रजी शब्द सोलून दाखवत. सोलून हा त्यांचाच शब्द. वरचं साल काढलं की आत जुना अर्थ निघतो, असं ते म्हणत. मीट म्हणजे आज मांस, पूर्वी कुठलंही अन्न. डिअर म्हणजे आज हरिण, पूर्वी रानातलं कुठलंही जनावर. सिली म्हणजे आज मूर्ख, पण हजार वर्षांपूर्वी त्याच शब्दाने पुण्यवान माणूस ओळखला जाई. ते सांगत छान, हे मान्य केलं पाहिजे. आणि सांगत ते बहुधा खरं असे. मी शाळेतल्या जाड कोशात तपासून पाहिलं होतं. माझा राग त्या शब्दांवर कधीच नव्हता.

आषाढातल्या एका शनिवारी त्यांनी गर्ल हा शब्द घेतला.

"सहाशे वर्षांपूर्वी गर्ल म्हणजे कुठलंही पोर," ते म्हणाले. "मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे पोट्टं म्हणतात ना, तसं. हा वारलू तेव्हा विलायतेत जन्मला असता, तर तोही गर्लच."

पहिल्या ओळीतला वारलू लाजला. सगळी शाळा हसली. गुणवंतरावही हसले, मग घंटा झाली. मुलं उठून माझ्यामागे विज्ञानाच्या खोलीत आली आणि मुली व्हरांड्यात आशाबाईंकडे शिवणाला गेल्या. रोज असंच होत असे. त्या दिवशी मात्र मला फळ्यावर तारीख लिहितानाही खडू दाबून धरावा लागला.

मी नागपूरहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. चांदा जिल्ह्यात, मूल गावाच्या पुढे, जिथे पावसाळ्यात बस येत नाही आणि हिवताप मात्र न चुकता येतो, अशा गावात पदवीधर पुरुष टिकेना, म्हणून शाळा कमिटीने बाई घेतली. बाईने मुलांना विज्ञान शिकवायचं आणि मुलींनी त्याच तासाला काजं करायची, यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. गुणवंतराव म्हणत, बाकं कमी आहेत. बाकं कमी नव्हती. मागची दोन रिकामी असत.

माझ्या खोलीची खिडकी व्हरांड्याकडे उघडे. अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली कमळा, दुसऱ्याची शेती करणाऱ्या लटारूची मुलगी, नेहमी त्या खिडकीखाली बसे. मला वाटे, उजेडासाठी. एके दिवशी तास सुटल्यावर ती आत आली. तिच्या हातात तिच्या आजाची तंबाखूच्या चुन्याची डबी होती.

"बाई," ती म्हणाली, "चुन्याचं पानी निथळून घेतलं नं मी. फुंकनीनं फुंकलं त पांढरं झालं. पन मंग फुंकतच राह्यली त पुन्हा साफ झालं. ते काऊन?"

मुलांना मी पहिला अर्धा भाग शिकवला होता. दुसरा अर्धा पुढच्या धड्यात होता. तो तिने चुलीची फुंकणी आणि आजाची डबी घेऊन घरीच गाठला होता. मी तिला सांगितलं. तिने ते ऐकलं आणि विचारलं, "मले मॅट्रिकले विज्ञान घेता येते का?"

"कशासाठी?"

"डॉक्टर व्हाचं हाये," ती म्हणाली. भाजीला मीठ हवं, असं सांगावं तसं.

मॅट्रिकला विज्ञान आणि गणित नसेल तर नागपूरच्या सायन्स कॉलेजचं दार बंद. बोर्डाचे फॉर्म पोळ्यानंतरच्या सोमवारी चांद्याला जायचे होते. मुलींच्या फॉर्मवर शिवणकाम लिहिलं जाई आणि खाली हेडमास्तरांची सही होई. एकदा गेला की तो बदलत नसे. मी त्याच दुपारी कमळाला घेऊन ऑफिसात गेले. बाकीचे मास्तरही तिथे चहाला बसले होते.

गुणवंतरावांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सुंदर शब्द. डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. औषधाशी त्याचा संबंध फार उशिरा आला. तेव्हा कमळाबाई, तुम्ही शिवण शिका, पुढे शिवण शिकवा. झालात डॉक्टर."

मास्तर हसले. कमळाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, ती वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा पुढे आहे."

"असेल. पण बाई, तुमचंच उदाहरण तिच्यापुढे आहे. इतकं शिकून काय झालं? स्पिन्स्टर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हाही छान शब्द आहे. मूळ अर्थ सूत कातणारी. आमच्या बाई तर टकळीही धरत नाहीत."

या वेळी मास्तर जास्त हसले. भूगोलाच्या मास्तरांना ठसका लागला. मी तिशीची होते आणि अविवाहित होते, ही काही गुप्त गोष्ट नव्हती. पण कमळाच्या समोर, तिला भीती घालायला, माझं बुजगावणं केलं गेलं होतं. मला राग आला की माझा आवाज बसतो. लहानपणापासून तसंच आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लटारू माझ्या खोलीवर आला. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तो दारातच उभा राहिला.

"बाई, बसत नाई. हात भरले हायेत," तो म्हणाला. "कमळी घरी आली त जेवली नाई. दोन रोज झाले. आजाची चुन्याची डबी देऊन राह्यली नाई, तो बुढा बी उपाशी बसला हाये तंबाखूवाचून."

"मी प्रयत्न केला, लटारूभाऊ."

"ठाऊक हाये. मी बी गेलतो गुरुजीकडं. मले म्हणे, लटारू, व्हिलन कोनाले म्हणते ठाऊक हाये का? म्हटलं, सिनेमात असते तो. त म्हणे नाई, मूळचा व्हिलन म्हंजे तू. गावात राहून दुसऱ्याची जमीन वाहनारा मानूस." त्याने पिवळे हात एकमेकांवर चोळले. "हसत हसत सांगतलं. मले बी हसावं लागलं."

मी कंदील दाराशी आणून ठेवला.

"उद्या तोरण हाये," तो म्हणाला. "माही जोडी दुसऱ्या मानाची. झडती म्हनाचा हक्क हाये मले. तुमी गुरुजीचे ते शब्द मले बरोबर सांगा. खोटं नको. खोट्या झडतीले लोक हसत नाईत."

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की शेतकरी झडत्या म्हणतात, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं. यमक जुळवून कुणाचीही फजिती करतात, पाटलाचीही. मी त्याला शब्द सांगितले. गर्ल सांगितला, व्हिलन सांगितला. सांगण्याआधी शाळेत जाऊन झिंगू चपराशाकडून कपाट उघडून घेतलं आणि दोन्ही शब्द कोशात पुन्हा पाहिले. मला राग आला होता, पण चुकीचं माप मी कुणाच्या हातात देणार नव्हते. स्पिन्स्टर मात्र मी त्याला सांगितला नाही. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बायका दूर, ओट्यावर. मी आणि कमळा तिथेच उभ्या होतो. तिची आई शकुबाई घरी आरतीचं ताट घेऊन बैलांची वाट पाहत थांबली होती. तोरणाच्या एका बाजूला खुर्च्या टाकल्या होत्या. गुणवंतराव जरीकाठी उपरणं घेऊन बसले होते. मुखरू पाटलांची मानाची जोडी पुढे. ते गावचे पाटील आणि शाळा कमिटीचे अध्यक्षही. त्यांच्यामागे लटारूची जोडी, शिंगांना हिंगूळ, अंगावर शकुबाईच्या जुन्या लुगड्याची झूल. डफ थांबला. एकाने पाटलाच्या कंजूषपणावर झडती म्हटली. पाटील हसले. मग लटारूने हात वर केला.

"बांधीत पेरला धान, धानाले आला लोंब,
गुरुजीच्या पोटात इंग्रजीचा कोंब.
सायबाच्या मुलखात पोट्टा-पोट्टी एक,
गुरुजीच्या शाळेत सुई धरे लेक.
गावात राबे त्याले गुरुजी व्हिलन म्हने,
त्याच व्हिलनचे तांदूळ गुरुजीचं पोट जाने.
कोंबडीनं उकरलं, निघालं सोनं,
पाहून बी न पाहे त्याले म्हनावं कोन?
एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव."

डफ कडाडला. लोक पोट धरून हसले. व्हिलन म्हणजे काय हे ज्यांना कळलं नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं आणि ते उशिरा हसले. सगळ्यांचं लक्ष खुर्च्यांकडे होतं. गुणवंतराव उठले. हसत लटारूजवळ गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या हातात नारळ ठेवला. लोकांनी त्यांच्या नावानेही हर हर महादेव म्हटलं. मग तोरण तुटलं आणि बैल धुळीतून घराकडे पळाले.

मला वाटलं, झालं. सबंध गावासमोर चूक दाखवली आणि माणसाने हसून कबूल केली. मी कमळाला म्हटलंसुद्धा, "सोमवारी तुझा फॉर्म मीच लिहीन."

कमळाने मान हलवली. "बाई, ते तोरनाखालचं होतं," ती म्हणाली. "तोरनाखालचं तिथंच राह्यते."

मला ते कळलं नाही. मी नागपूरची. सिद्ध झालेली गोष्ट जागा बदलली म्हणून असिद्ध होत नाही, असं मी शिकले होते. तोरणाखाली जो हसतो तो काहीच कबूल करत नाही, फक्त बोलणाऱ्याचा हक्क मानतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली ती शनिवारी. प्रार्थना झाली. मुलं बसली.

"आजचा शब्द व्हिलन," गुणवंतराव म्हणाले. "कमळा, पुढे ये."

ती पुढे गेली.

"तुझ्या वडिलांना हा शब्द फार आवडला. पण त्यांनी अर्धाच सांगितला. व्हिलन म्हणजे आधी शेतमजूर. आता काय?"

"बदमाश," कमळा म्हणाली.

"मागे ऐकू आलं नाही."

"बदमाश."

"का बदलला अर्थ? कारण गावंढळ माणसाला चार लोकांत काय बोलावं ते समजत नाही. लोक पाहतात, आणि शब्द तसा बनत जातो. शब्द खोटं बोलत नाही." ते अजूनही हसत होते, पण हातातलं हजेरीपुस्तक त्यांनी फटकन मिटलं. "तुझा फॉर्म शिवणकामाचाच जाईल. आणि घरी सांग, तोरणाखाली ओरडून कुणाची पोरगी डॉक्टर होत नसते."

एकही मूल हसलं नाही. मास्तर जमिनीकडे पाहत होते. कमळा उभीच. तिचा चेहरा लाल झाला नव्हता, पांढरा पडला होता. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी चालत गेले आणि तिचा हात धरला.

"बाई, मी तिला बसायला सांगितलेलं नाही," गुणवंतराव म्हणाले.

"मी सांगते आहे," मी म्हटलं. माझा आवाज बसलेला होता, पहिल्या ओळीपलीकडे गेला नसेल. "तुम्ही इतके शब्द सोलता. त्यातल्या एकाचाही तुम्हाला उपयोग नाही."

मी तिला विज्ञानाच्या खोलीत नेलं. झिंगू मागोमाग मेमो घेऊन आला. मी तो न वाचता टेबलावर ठेवला, त्यावर स्पिरिटचा दिवा ठेवला. कमळाला म्हटलं, रड हवं तर. ती म्हणाली, "रडू येऊन नाई राह्यलं, बाई. दात दुखून राह्यले." इतके दात आवळले होते तिने.

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली. शाळेतली सगळी मुलं शेतकऱ्यांची. प्रत्येकाने घरी एकच वाक्य सांगितलं असणार, की गुरुजींनी पोळ्याचा राग शाळेत काढला. शाळा सुटायच्या वेळी मुखरू पाटील आले, मागे लटारू आणि कमिटीचे दोघे. मला बोलावलं नव्हतं. मी गेले.

पाटील खुर्चीवर बसले नाहीत. "गुणवंतभाऊ," ते म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी तुमी हसले ना?"

"हसलो."

"नारळ देल्ला ना लटारूले?"

"दिला की. कुणाला शंका आहे?"

"मंग आज कोन रागावलं?"

"मी शिस्तीचं बोललो. शाळेची शिस्त हा माझा विषय आहे, मुखरूभाऊ."

"तोरनाचं नाव घेतलं का नाई?"

गुणवंतरावांनी दौतीचं झाकण लावलं.

"माह्या बापाले झडतीत बैलचोर म्हटलं होतं," पाटील म्हणाले. "माह्यासमोर. घरी आला, पुरनपोळी खाल्ली, झोपला. खरिपात त्याच मानसाले बियानं देल्लं. तोरनाखालचा राग जो घरी नेते, त्यानं ते सारं खरं मानलं. आन तसा राग गावात फिरून राह्यला असन त मी पुढच्या साली तोरन बांधनार नाई. बैल कशाखालून नेता मंग? बांबूखालून?"

"इतकं काय झालं? मी एक शब्द समजावला."

"हो जी," लटारू दाराशी म्हणाला. "मले बी समजला."

गुणवंतरावांनी टेबलावर हात आपटला. "आन माही इज्जत?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडून गावची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. "साऱ्या गावापुढं माह्या पोटावर बोलला तो. तीस साल झाले शिकवून राह्यलो. माह्याकडं काऊन कोनी पाहून नाई राह्यलं? हसावं लागलं मले. तुमाले ठाऊक हाये का, हसावं लागते म्हंजे काय असते?"

मला ठाऊक होतं. लटारूला ठाऊक होतं. कमळालाही ठाऊक झालं होतं. त्यांना ते पहिल्यांदा ठाऊक होत होतं आणि त्यांना वाटत होतं की जगात हे फक्त त्यांच्याच वाट्याला आलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"तेच त तोरन हाये, भाऊ," पाटील म्हणाले. "सालातून एक दिवस. तुमी सालभर बोलता, शनिवारी शनिवारी. त्याच्यावर आमी कदी आलो का बोलाले? आता त्या पोट्टीचा कागद तिच्या मनासारखा करा. राग मिटला म्हनून मी गावाले सांगतो."

कागद काढला गेला. शिवणकामावर काट मारून गुणवंतरावांनी विज्ञान लिहिलं, गणित लिहिलं, सही केली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. पाटील जायला निघाले.

"आणि बाकीच्या मुली?" मी म्हटलं.

सगळे थांबले.

"अकरावीत आणखी मुली आहेत. मंगली आहे, रुखमा आहे. दहावीतल्या आहेत. बाकं रिकामी आहेत."

पाटलांनी माझ्याकडे समजुतीने पाहिलं. "बाई, बाकीच्याईचं तोरनाशी काई नाई ना," ते म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी एक भांडण मिटवलं होतं. कमळाची बुद्धी, चुन्याची डबी, रिकामी बाकं, यातलं काहीही त्या खोलीत मोजलं गेलं नव्हतं. गुणवंतराव हसले नसते, तर सही झाली नसती. हसून पुढे गप्प राहिले असते, तरी झाली नसती. मी लटारूकडे पाहिलं. तो खाली पाहत होता.

"बाई, माह्या पोट्टीचं झालं," तो हळू म्हणाला. "तुमचे उपकार हायेत."

मी त्याच्यावरही रागावले. ते बरोबर नव्हतं, पण रागावले.

सोमवारी फॉर्म चांद्याला गेले. पहिल्या तासाला कमळा मागच्या रिकाम्या बाकावर एकटी बसली. मुलं वळून वळून पाहत होती. वारलूने तिला दौत सरकवून दिली आणि लगेच पुढे तोंड केलं. व्हरांड्यात आशाबाईंच्या मशीनची घरघर सुरू झाली. मंगली आज खिडकीखाली येऊन बसली होती, कमळाच्या जुन्या जागी. तिच्या मांडीवर पोलक्याची बाही होती आणि सुईत दोरा नव्हता.

मी खिडकीचे दोन्ही पट भिंतीला टेकेपर्यंत उघडले. परीक्षानळीत चुन्याची निवळी घेतली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज बसलेलाच होता. मी खाकरले आणि पोटातून जोर लावून, बाजारात भाव सांगावा तसं, ओरडून म्हटलं की आपण श्वासातून जी हवा बाहेर टाकतो तिच्यात कर्बाम्ल वायू असतो. पुढच्या बाकावरची मुलं दचकली. मी तेच वाक्य व्हरांड्याकडे तोंड करून पुन्हा म्हटलं.

मशीन थांबलं. मला वाटलं, आशाबाई आता खिडकी लावायला सांगतील. त्यांनी बाकडं ओढल्याचा आवाज झाला, मग मुलींनी सरकून जागा केल्याचा. मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

थोड्या वेळाने दारात गुणवंतराव आले. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," ते म्हणाले, "आवाज फार येतो आहे. ऑफिसपर्यंत."

"हो," मी म्हटलं.

ते थांबले. काहीतरी बोलतील असं वाटलं, एखादा शब्द काढतील. काढला नाही. मी नळी उजेडात धरली, खिडकीतून बाहेर दिसेल अशी, आणि कमळाला फुंकायला पुढे बोलावलं.